डालड्याच्या डब्यातलं लिंबू

सुदाम जेवून खाटेवर पडला होता. अंजनाने दार हळूच ओढून घेतलं आणि ओट्यावरच्या डालड्याच्या डब्यापाशी ती बसली. पदराआडून तिने लिंबाचं इवलंसं रोप काढलं. डब्याच्या कडेला चमच्याने माती उकरली, रोप खोचलं, माती दाबली. बदलापूरच्या नर्सरीत तिने सगळ्यात लहान रोप मागितलं तेव्हा तिथला माणूस म्हणाला होता, "बाई, मोठं घ्या की, लवकर धरेल." तिने लहानच घेतलं होतं.

कंपनीत ॲसिड उडून सुदामचे दोन्ही डोळे गेले होते. दवाखान्यातून अंबरनाथच्या चाळीत आला आणि त्याने खाट धरली. दाढी करेना, बोलेना. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड फिरवायचा. एकदा वरणावर लिंबू पिळताना अंजनाने त्यातल्या बिया त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"लावून बघा की. याला डोळे कशाला लागतात?"

त्याने डालड्याच्या डब्यात मधोमध बोटाने भोकं पाडून बिया लावल्या. मग रोज चाचपत ओट्यावर यायचा, मातीवरून हात फिरवायचा, पाणी घालायचा. पण दिवस थंडीचे. महिना उलटून गेला तरी काही वर येईना.

"कुजल्या," एक दिवस तो म्हणाला. "आता मला काही करायला सांगू नकोस." त्याने पाणी घालणं सोडलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. अंजनाने चार-पाच दिवस वाट पाहिली, मग ती बदलापूरला गेली.

रोप लावल्याच्या दुसऱ्या सकाळी ती ओट्यावरून ओरडली, "अहो, आलं! बाहेर या लवकर!" खरं वाटावं म्हणून ती हसली. हसता हसता तिला खरोखरच हसू आलं, आवरेना. सुदाम भिंत धरत बाहेर आला. त्याचं बोट पानांवरून देठावर, देठावरून मातीपर्यंत गेलं.

"पाणी दे," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो उठायला लागला. न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली. शेजारच्या हिरामणशी गप्पा मारू लागला. काठी घेऊन एकटा कोपऱ्यावरून दूधही घेऊन आला. अंजनाला आनंद व्हायचा आणि मनात कुसळ टोचत राहायचं. आंधळ्या माणसाला आपण फसवलं.

ऊन तापायला लागलं होतं. एका सकाळी ओटा झाडताना तिचा हात थांबला. डब्याच्या मधोमध माती फुटली होती. दोन कोवळी पानं वर आली होती.

बी आता उगवलं, तर मग आधीचं रोप कुठून आलं, काय सांगणार? उपटावं म्हणून तिने चिमूट पुढे केली. मग मागे घेतली. ते त्याचं होतं. तेवढ्यात सुदाम तांब्या घेऊन आला, नेहमीसारखा हात फिरवला आणि त्याचं बोट त्या दोन पानांवर थांबलं.

"हे माझं," तो हळूच म्हणाला. "ते कडेचं तू आणलेलं."

अंजनाने झाडू बाजूला ठेवला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. चार दिवसांत कुठलं बी पाच पानं आणि काटा घेऊन येतं गं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू हसत होतीस. माझे डोळे गेल्यापासनं पहिल्यांदा. म्हटलं, मी रोज पाणी घातलं तर ही रोज हसेल."

अंजनाने डोळे पुसले. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग मी आणलेलं काढून टाकू आता?"

"काढतेस कशाला?" सुदामने तांब्या वाकवला. "त्याला घातलेल्या पाण्यावरच तर हे उगवलं."