डाव्या हातच्या बांगड्या

वरवंटा घेऊन सासू जैतूसमोर बसली खरी, पण तो तिच्याच्याने उचलवेना.

पावसाआधीच्या वादळात जैतूच्या नवऱ्याची, हिराजीची होडी रिकामीच किनाऱ्याला लागली होती. हिराजी काही सापडला नव्हता. आता नारळी पौर्णिमा झाली, बाकीच्या होड्या पुन्हा दर्यात गेल्या, आणि भावकीतल्या बायका म्हणू लागल्या, आणखी किती वाट बघायची? फोडून टाका पोरीच्या बांगड्या.

बांगड्या होत्या त्या फक्त डाव्या हातात. उजव्या हातातल्या जैतूने लग्नातच दर्याला वाहिल्या होत्या, तिच्या सासूने वाहिल्या होत्या तशाच. या तू ठेव आणि माझा धनी सांभाळ, असं दर्याला हात जोडून सांगितलं होतं.

"आये," जैतू म्हणाली, "दर्याने माझ्या बांगड्या परत कुठं दिल्यात? त्या अजून त्याच्याकडंच आहेत. मग माझा माणूस त्यानं सांभाळला नाही, असं कसं म्हणायचं?"

सासूने वरवंटा बाजूला सारला आणि सुनेचा हात धरला. मनगट इतकं वाळलं होतं की हिरव्या बांगड्या न फुटताच निघाल्या. त्या मुठीत घेऊन म्हातारी मागच्या दाराने धावली, ती थेट कमरेइतक्या पाण्यात.

"उजव्या हातच्या कमी पडल्या असतील तुला!" ती दर्यावर ओरडली. "या पण घे. माझा पोरगा दे."