सत्तेचाळीस नंबरची भेट

“सत्तेचाळीस!” गणिताच्या सरांनी दाराबाहेर हाक दिली, आणि ती खुर्चीवरून अर्धवट उठली.

मुलगा आत आला आणि टाचा जुळवून उभा राहिला. केस बारीक कापलेले. बूट असे चकचकीत, की त्यात खिडकी दिसावी. निळ्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या. छातीवर सत्तेचाळीस. तीन महिन्यांपूर्वी तो आकडा तिनंच शिवला होता, दोनदा बोटात सुई घुसवून घेत.

ती तशीच अर्धवट उभी राहिली.

“ओळखलं नाहीत ना?” सर हसले. “पहिल्या भेटीला सगळ्या आयांचं असंच होतं. तीन महिन्यांत पोरं अशी बदलतात, की बघत राहावं. बसा. अर्धा तास आहे.”

“आई,” मुलगा म्हणाला. घसा खाकरून त्यानं पुन्हा सुरुवात केली. “आई, मी बरा आहे.”

तिनं सरांकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्याकडे.

“बस, बाळा,” ती म्हणाली.

सर दाराशी पेपर तपासायला बसले. ते वरच्या वर्गांना शिकवत. लहान मुलं त्यांना छातीवरच्या आकड्यांनीच ठाऊक होती.

एका मुलाला एकच पाहुणा, असा नियम होता. म्हणून नवरा फाटकाबाहेर गाडीत बसून होता. तो याच शाळेत वाढलेला. “मी काय बिघडलो का?” असं तो विचारायचा. “बिघडला नाहीस,” ती म्हणायची, “पण चादरीचा कोपरा वाकडा झाला तर अजून भांडतोस.” आज मात्र ती ठरवून आली होती. पोरगं एकदा जरी ‘घरी ने’ म्हणालं, तरी बखोटीला धरून गाडीत घालायचं. गाडीच्या डिकीत रिकामी बॅग होती. नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

मघाशी सरांनी तिला भोजनगृहाच्या दारातून आत डोकावू दिलं होतं. दोनशे मुलं जेवत होती आणि चमच्याचा आवाज नव्हता. कोणी काही मागत नव्हतं. तरी एकही पेला रिकामा नव्हता.

“इथं स्वतःसाठी मागायचं नाही,” सर कुजबुजले होते. “पाणीसुद्धा. शेजाऱ्याचं काय संपलंय ते बघायचं. आपलं संपलेलं शेजारी बघतो.”

“आणि नाही बघितलं त्यानं तर?”

“तर उपाशी! पण तसं होत नाही हो. पहिले आठ दिवस होतं, मग नाही.”

ती बघतच राहिली होती. तिच्या घरात एका पोरामागे सकाळपासून चार हाका पडायच्या, आणि इथं दोनशे पोरं नुसत्या नजरेवर चालत होती. देवळात गेल्यासारखा तिनं आवाज खाली आणला होता.

“एवढी शिस्त कशी काय लागते?”

“बाकी चुका आम्ही पोटात घालतो. खोटेपणा नाही. खोटेपणा केला की त्याच दिवशी सामान बांधून घरी. त्यात जो जो सामील, तो तो घरी.”

आता समोरचा मुलगा हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता. तिनं बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

“शेजारच्या खाटेवर कोण झोपतं रे?” तिनं विचारलं.

मुलाचे खांदे एकदम सैल पडले. “आहे एक. झोपेत लाथा मारतो.”

“अजून?”

“रोज. चादर खाली, हा वर.”

ती हसली. हसता हसता तिनं नाक पुसलं. “रडतो का?”

“आधी रडायचा. आता मलाच म्हणतो, रडू नकोस, भूगोल विचार.”

“आणि जेवण? भोपळा असला की?”

“त्याचा भोपळा मी संपवतो. माझं दूध तो.”

“दूध? पितो?”

“दोन पेले!” मुलगा अभिमानानं म्हणाला. मग आवाज खाली आणून, “मिशा पुसत नाही मात्र.”

सरांनी मान वर केली. “अहो बाई, सगळा वेळ शेजाऱ्यावरच घालवलात. याचं विचारा की काही!”

तिला ओशाळल्यासारखं झालं. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि मुलाचे थंडगार हात हातात घेतले. मग विचारायला लागली. भूक लागते का, पाय दुखतात का, अंधाराची भीती वाटते का, कुठलं गणित सुटत नाही. मुलगा आधी एकेका शब्दात उत्तरं देत होता. नंतर त्याला थांबवणं कठीण झालं.

“घरी यावंसं वाटतं?” तिनं शेवटी विचारलं.

“इथं बरं आहे,” तो म्हणाला. “इथं शेजारी आहे.”

घंटा झाली. सर उठले. एकच शब्द बोलायचा अवकाश, आणि रिकामी बॅग भरून निघाली असती. ती काही बोलली नाही. तिनं मुलाला जवळ घेतलं. तो आधी लाकडासारखा उभा राहिला, मग त्यानं तिच्या मानेला अशी मिठी मारली, की तिचा श्वास अडकला.

“काकू,” तो तिच्या कानात म्हणाला, “तो वरच्या खिडकीत उभा आहे. बाहेर पडताना वर बघू नका, सरांना कळेल. मला कोणी भेटायला येत नाही ना, म्हणून तो म्हणाला, या खेपेला माझी आई तू घे.”