मिस्त्रीचा तंबू

"पंखा आणखी जोरात करा," बुद्धभूषण म्हणाला.

दुकानदारानं बटण शेवटच्या आकड्यावर फिरवलं. नांदेडच्या त्या ताडपत्रीच्या दुकानात दोन तंबू आधीच आडवे झाले होते. तिसरा घुमटासारखा होता. त्याच्या बारीक दांड्या डोक्यावर एकमेकींना फुली मारून खाली उतरल्या होत्या. झोत लागताच तो एका अंगाला कलला, पोट आत ओढून पुन्हा सरळ झाला.

"फर्शी पे भी खडा रहता, साब. खुंटी की भी जरूरत नै," दुकानदार घाम पुसत म्हणाला. "पर जाना कौनसे पहाड पे है?"

"अंगणात," बुद्धभूषण म्हणाला आणि पंख्याच्या दुसऱ्या बाजूनं प्रयोग सुरू केला.

तो भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला होता. तपासल्याशिवाय तो कोथिंबीरही घेत नसे. शिवाय हा तंबू वडिलांसाठी होता. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कुरुंद्यात नुसत्या फळीवरच्या ताटल्या वाजल्या, पण गाव महिनाभर उघड्यावर झोपलं. पुढं थंडी पडली, भीती निवली आणि लोक आपापल्या घरात गेले. त्याचे वडील, भिवाजी मिस्त्री, तेवढे अंगणातच राहिले. उन्हाळा लागला तसं रोज तिन्हीसांजेला सोसाट्याचं वावधान सुटू लागलं. आधी त्यांची ताडपत्री उडाली. मग भाड्याची राहुटी उडाली आणि बाभळीवर जाऊन बसली.

आई जनकाबाई मात्र पहिल्या दिवसापासून आत झोपायची. "भूकंप आला तर मी जाणार, वारं आलं तर हे जाणार," ती शेजारणींना सांगायची. "एकाला तरी पोराचं लगीन दिसंल."

तंबू गावात आला त्याच संध्याकाळी असं वारं सुटलं की शेजारच्या गोठ्याचा पत्रा रस्ता ओलांडून गेला. तंबू लवला, थरथरला, पण जागचा हलला नाही. "ह्याच्या दांड्या लवत्यात, मोडत न्हाईत," बुद्धभूषणनं वडिलांना समजावून सांगितलं. ते तंबूतूनच "व्हय, व्हय" म्हणाले. त्याला फार समाधान वाटलं.

सकाळी जळबा आला. त्याचं घर तीन वर्षांपूर्वी भिवाजींनीच बांधलं होतं. त्यानं तंबूला एक फेरी मारली, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि दगडावर बसला.

"मिस्त्री, माझं घर कुणी बांधलं?"

"मी."

"अन् हे तुमचं?"

"मीच."

"तुमी तुमच्या घरात झोपून न्हाई राहिले, मंग आमी आमच्या घरात काहून झोपावं? इतके दिवस म्हणलं, भीती हाय, जाईल. आता तर तुमी बाहेर पक्का बंदोबस्त केला. मला वरचा मजला काढायचाय. दुसरा मिस्त्री पाहू का?"

भिवाजींच्या हातातला चहा निवून गेला. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची होती. आज जळबा विचारत होता, उद्या निम्मं गाव विचारणार होतं. मग त्यांच्या हाती थापी कोण देणार?

"आजपासून मी घरातच झोपतो," ते म्हणाले. "उद्या सकाळी येऊन बघ."

संध्याकाळी बुद्धभूषण घरी आला तेव्हा अंगणात नुसत्या खुंट्या होत्या. तंबू मोठ्या खोलीत उभा होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळी खोली त्यानं भरून टाकली होती.

"बाबा, हे काय?"

"तूच म्हणला न्हवं, लवतंय पण मोडत न्हाई?"

"ते वाऱ्यासाठी. छताच्या पत्र्यावरच्या दगडांसाठी न्हाई."

"ते दगडबी वाऱ्यासाठीच ठेवलेत. काढले तर पत्रे उडत्यात."

"पण घर तुमीच बांधलंय. मग एवढं भ्यायचं काहून?"

तंबूची चेन अर्धी उघडली. भिवाजींनी डोकं बाहेर काढलं आणि आवाज खाली आणला.

"लोकांची घरं ओळंबा लावून बांधली रे. हे उरल्यासुरल्यात बांधलं. ही भिंत जळबाकडच्या उरलेल्या विटांची. ती ग्यानबाकडच्या. अन् तो कोपरा निस्ता चिखल हाय. आता हे गावभर सांगत फिरू का?"

चेन बंद झाली. बुद्धभूषणनं मनातल्या मनात दगडांचं वजन धरलं, पत्र्याची उंची धरली आणि गणित मांडलं. उत्तर बरं येईना. मग त्यानं नेहमीप्रमाणे आपली बाज ओसरीवर टाकली. जनकाबाईनं खोलीत एकवार डोकावून पाहिलं, वाकळ काखोटीला मारली आणि ती अंगणात गेली.

जळबा दिवस उगवायच्या आत हजर. भिवाजी आळस देत दारातून बाहेर आले आणि त्यांनी मागं दार ओढून घेतलं. जळबानं मान डोलावली. तेवढ्यात त्याची नजर अंगणाकडं गेली.

"वहिनी, मिस्त्री आत अन् तुमी बाहेर? हे काहून?"

भिवाजींचे दोन्ही हात आळस देता देता वरच राहिले. ओसरीवर बुद्धभूषण उठून बसला.

जनकाबाईनं वाकळीची घडी घातली. घडीवर घडी घातली.

"काय सांगू भावजी. यांनी घर इतकं पक्कं बांधून ठेवलंय, वाऱ्याला शिरायला फट म्हणून न्हाई. ह्यांना लागती झोप. मला उकडून राहिलं."

जळबानं घराकडं खालून वर पाहिलं. पत्र्यावरच्या दगडांपाशी त्याची नजर जराशी थांबली. मग तो धोतर झटकून निघाला आणि फाटकापाशी वळला.

"मिस्त्री, मंगळवारी काम चालू करा. फक्त वरच्या मजल्याला दोन खिडक्या जास्तीच्या ठेवा."