एक नंबरचा चॅनल

"आवाज आला होता, साहेब. 'सोड' असा. म्हणून सोडलं." क्रेनवाल्याच्या तोंडाला हे सांगून सांगून कोरड पडली होती. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत चौकशी चालू होती आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं.

"मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं," मॅनेजर म्हणाला. दाजींनी वॉकीटॉकी तोंडाशी धरलीच नव्हती, हे खालच्या सगळ्या गड्यांनी पाहिलं होतं. ते वाकून फळी सरकवत होते आणि सळ्यांचा भारा त्यांच्यावर उतरला.

दाजी म्हणजे क्रेनवाल्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. केबिनमधून खालचं काही दिसत नसे. दाजी बोलतील तसा तो दांडा ओढायचा. आणि दाजींचं ते बोलणं! "मेहुणे, जरा डावीकडे. मेहुणे, जपून, खाली तुमच्या बहिणीचा नवरा उभा आहे!" सगळं बांधकाम खो खो हसायचं, हा वरून लटकी शिवी हासडायचा. दहा वर्षं हेच चाललं होतं.

नोकरीचं काय, गेली तर गेली. पण त्या दिवसापासून बहीण त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती. ते त्याला आतून खात होतं.

शेवटी वायरलेस खात्यातल्या बाई आल्या. त्यांनी दाजींचा सेट टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग एक दणदणीत, अनोळखी आवाज आला, "सोड! सोड खाली!"

खोलीतले सगळे दचकले. बाईंनी खिडकीतून रस्त्यापलीकडच्या अर्धवट इमारतीकडे बोट दाखवलं. "या सेटला परवाना लागत नाही. जवळच्या जवळ बोलायला लोकांसाठी मोकळ्या ठेवलेल्या लहरी आहेत या. बागेतल्या बाकावर कुणाचं नाव असतं का? तसंच हे. तुम्ही आणि त्या पलीकडच्या बांधकामवाल्यांनी, दोघांनीही सेट खोक्यातून काढला आणि एक नंबरच्या चॅनलवर तसाच ठेवला. त्यांच्या क्रेनवाल्याला दिलेला हुकूम तुमच्याकडे आला."

मॅनेजरचा चेहरा पडला. क्रेनवाला मात्र ओक्साबोक्शी रडला. तो खोटारडा नव्हता! तिथून तो जवळजवळ धावतच बहिणीच्या घरी गेला.

ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "माझी चूक नव्हती गं. तो भलताच माणूस होता."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं मान वर केली. आता ही रडेल, आपल्याला बिलगेल, असं त्याला वाटलं.

"म्हणजे तो ह्यांचा आवाज नव्हता?"

"नव्हता ना!"

"काय म्हणाला तो?"

"'सोड' म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं हातातली पाकळी खाली ठेवली.

"दादा, 'मेहुणे' म्हटल्यावाचून हे तुझ्याशी कधी एक शब्द तरी बोलले होते का रे?"