मघाची मुलगी

“भिंतीवरचं लायसन्स बघत बसू नकोस. हात बघ,” सासूबाई म्हणाल्या होत्या. सलून, टॅटूवाले, कान-नाक टोचणारे यांची दुकानं तपासण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावरही तपासणी थांबली नव्हती, ती आता स्वयंपाकघरात चालायची. “अहो आई, कान टोचायचाय, ऑपरेशन नाही,” असं म्हणत सुनेने ते हसण्यावारी नेलं आणि लेकीचं, बबडीचं बोट धरून ती बाहेर पडली.

दुकान चकचकीत निघालं. लायसन्स काचेत मढवलेलं, वापरलेल्या सुयांना वेगळा डबा, खुर्चीवर दर गिऱ्हाइकाला नवा कागद. बाकावर टेकली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या आधी एकच मुलगी होती, कॉलेजातली, एकटीच आलेली. उजव्या कानाच्या वरच्या, कडक भागात तिला बाळी घालून घ्यायची होती. खुर्चीचे हात घट्ट धरून ती टोचणाऱ्याला म्हणत होती, “दादा, दुखलं तर मी किंचाळणार हं. आधीच सांगून ठेवते.”

“किंचाळा की. भिंती जाड आहेत.”

बबडी खुदकन हसली. मग आईच्या कानाशी लागून म्हणाली, “आई, भोक पाडलं की कानातून वारा जाईल?”

“माझं बोलणं जातंच की आरपार. वाराही जाईल.”

टोचणाऱ्याने हात धुतले, हातमोजे चढवले, मुलीच्या डोळ्यांसमोर पाकीट फाडून सुई काढली. तेवढ्यात त्याचा फोन थरथरायला लागला आणि सरकत सरकत टेबलाच्या कडेला आला. पडणार तोच त्याने पकडला, अंगठ्याने बंद केला, उपडा ठेवला. आणि त्याच हाताने मुलीचा कान धरला.

क्षणाचं काम. पण बाकावरून तिला ते लख्ख दिसलं. “अहो” अगदी ओठांवर आलं होतं. मुलीने डोळे मिटून घेतले होते, सुई कानाला टेकली होती. मध्येच आपण ओरडलो आणि त्याचा हात हलला तर? शिवाय आपण कोण? आली मोठी शहाणी, म्हणतील. तिने शब्द गिळला. सुई आरपार गेली.

मुलगी काही किंचाळली नाही. मान वळवून वळवून तिने आरशात पाहिलं, फोटो काढला, बबडीचा गालगुच्चा घेतला. “मुंगी चावते ना, तेवढंच,” म्हणाली आणि गेली.

मग बबडी खुर्चीत बसली. नवा कागद, पुन्हा हात धुणं, नवे मोजे. त्याने कानाच्या पाळीवर शाईचा ठिपका दिला, पाकीट उचललं, आणि फोन परत थरथरला. त्याचा हात तिकडे गेलासुद्धा.

“मोजे बदला!” ती एवढ्या मोठ्याने बोलली की बबडी दचकली.

त्याने स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. “खरंच की. सॉरी ताई. बरं झालं बोललात, हात आपोआप जातो हो.” मोजे ओढून काढत तो नळाकडे वळला.

तिचं काम झालं होतं. गप्प बसली असती तरी चाललं असतं.

“मघाशीही गेला होता,” ती म्हणाली.

नळ बंद झाला. “त्या मुलीच्या वेळी?”

“हो.”

“ताई, मग तेव्हाच नाही का सांगायचं?” त्याच्या आवाजात राग नव्हता.

“तिला फोन करा ना. आत्ताच्या आत्ता.”

“नंबरच घेतला नाही. घ्यायचा असतो, नियम आहे तसा. घरी गेल्यावर काय बघायचं तेही सांगायचं असतं. फोनच्या नादात दोन्ही राहिलं.” त्याने दार उघडून बाहेर पाहिलं. “बहुतेकदा काही होत नाही, ताई. पण तो भाग मऊ पाळीसारखा नसतो. तिथे पू धरला आणि अंगावर काढलं, तर कानाचा आकारच जातो. लगेच डॉक्टर गाठला तर निभावतं.”

ती त्याच्याशेजारी दारात उभी राहिली. समोरच्या थांब्यावर घोळका होता. ओढण्या, टोप्या, मोकळे सोडलेले केस. कुणाचाच कान दिसत नव्हता. बस आली आणि सगळा घोळका घेऊन गेली.

“आई, माझं राहिलंय!” आतून बबडी ओरडली.

“आज नको, बाळा. उतर.”

ती अजून शोधतेच आहे. बसमध्ये, दुकानातल्या रांगेत पोरींच्या कानांकडे टक लावून बघते, एकीने तर “काय झालं, काकू?” म्हणून विचारलंही. पण एकटीने ती किती ठिकाणी पुरणार? म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणी मुलगी उजव्या कानाच्या वरच्या कडेला नवी बाळी घालून आली असेल आणि हल्ली त्या कुशीवर झोपायचं टाळत असेल, तर केस बाजूला करून कान बघा. लाल दिसतोय का, गरम लागतोय का. दुखत नाही, म्हणेल ती. तरी बघा.