डोहाळजेवणातला पट्टा

"पोटातल्या बाळाला सगळं ऐकू येतं गं," आई म्हणायची. आई जाऊन वर्षं झाली, तरी तो मऊ आवाज केतकीच्या कानात होता. आता तर डोहाळजेवणात ओटी भरली की पोटावर पट्टा बांधायची रीतच पडली होती. एकेकाने बाळाला हाक मारायची आणि त्याच्या काळजाचे ठोके पट्ट्यातून सगळ्यांनी ऐकायचे.

आज केतकीच्या पोटावर पट्टा बांधला आणि आधी सासूबाईंनी हाक मारली. ठोके संथ होते. आईची बहीण, रेखामावशी, अंगाई गुणगुणली, तसे ते आणखी निवांत झाले. मग नवरा वाकला. "काय रे पिल्लू?" शार्दूल म्हणाला.

ठोके उधळले.

"आत्तापासून बापाचा धाक हो!" बायका हसल्या.

"पट्टा बिघडलाय," शार्दूल म्हणाला आणि केतकीकडे रोखून बघत राहिला.

मावशी हसली नाही. तिने त्याला गजरे आणायला पिटाळलं. तो जिना उतरला तसे ठोके निवले. मावशीने केतकीला आतल्या खोलीत नेलं.

"पट्टा बिघडलेला नाही ना, बाळा?"

केतकीने गळ्यातला फुलांचा हार बाजूला सारला. खाली बोटांचे निळे वळ होते.

"परवा त्याने गळा दाबला, मावशी. म्हणाला, पुढच्या वेळी दोघांनाही जिवंत सोडणार नाही."