निरोगी नमुना क्रमांक चौदा

पोटाच्या कॅन्सरमध्ये रक्तातला एक लांबलचक आरएनए वाढतो का, हे ब्राह्मी सांगलीच्या प्रयोगशाळेत तपासत होती. तो कुठलंच प्रथिन बनवत नाही, म्हणून पूर्वी त्याला कचराच समजायचे. तुलनेला निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. जैनांचं पर्युषण संपल्यावर तिनं आपल्या गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जाऊन उपवास केलेल्या श्रावकांचंच रक्त घेतलं. ना तंबाखू, ना दारू, यांच्याहून निरोगी कोण? नावं झाकून नळ्यांना नुसते नंबर दिले.

तीसपैकी एकोणतीस नमुन्यांत काही निघालं नाही. चौदा नंबरमध्ये मात्र तो आरएनए रुग्णांपेक्षाही जास्त होता. नळी बदलली असणार, म्हणून तिनं दोनदा पुन्हा तपासलं. मग नोंदवही उघडली. भरतेश, वय अठ्ठावन्न. तिचे वडील.

तिनं घरी फोन लावला. "आई, बाबा कुठं हायत?"

"बस्तीत. धा उपवास केले म्हणून सत्कार हाय त्यांचा," आई कौतुकानं सांगू लागली. "दरवर्षी तिसऱ्या दिवशीच पाय लटपटायचे बघ. औंदा त्यास्नी भूकच लागली न्हाई. पारणं होऊन आठवडा झाला, तरी अजून न्हाई."